म्हसवडची माफी आणि वारणेचा तह

माणगंगेच्या कांठीं, सिद्धनाथाच्या देवळाभोंवतीं वसलेल्या म्हसवड गांवाचें नांव मराठ्यांच्या इतिहासांत एका खुनाशीं जोडलें गेलें आहे. १६९७ च्या जून महिन्यांत शंभुमहादेवाच्या डोंगरांत सेनापति संताजी घोरपडे एकाकी सांपडला आणि म्हसवडकर नागोजी माने यानें त्याचें शिर कापिलें. ज्याचा मोगल छावणीस धाक होता, त्यास मारणारा मोगल नव्हता.

या वैराचें मूळ एक वर्ष मागें आहे. १६९६ सालीं राजाराम महाराज व संताजी यांच्यांतील बेबनाव विकोपास जाऊन कर्नाटकांत आपसांतच लढाई झाली. तींत हातीं लागलेल्या अमृतराव निंबाळकरास संताजीनें हत्तीच्या पायीं दिलें. अमृतराव हा नागोजीचा मेहुणा. संताजीस आपण न्यायच केला असें वाटलें असेल. परंतु फिर्यादी, न्यायाधीश आणि शिक्षा देणारा एकच असला म्हणजे न्याय कसला? गांवच्या पाटिलकीच्या तंट्यास ज्या काळीं गोतसभा बसे, महजर होई, त्या काळीं एका सरदाराच्या प्राणाचा निकाल रणांगणावरच लागला. तें रक्ताचें देणें बहिणीच्या सासरीं, म्हसवडास, वसूल झालें.

नागोजीस पुढें औरंगजेबाची माफी मिळाली. बादशहानें त्यास पश्चात्ताप विचारला नाहीं, शिर पाहिलें. त्या माफीनें घोरपडे आणि माने यांच्यांत सख्य कसें व्हावें? दक्षिण आफ्रिकेंत १९९६ पासून सत्य व सलोखा आयोगानें जी माफी देऊं केली, तिला निदान आपलें कृत्य पूर्णपणें उघड करण्याची अट होती. तरीही स्टीव्ह बिको याच्या घरच्यांस ती मान्य झाली नाहीं. त्यांनीं तिच्याविरुद्ध न्यायालयांत दाद मागितली. त्यांना हट्टी म्हणणें सोपें आहे, पण तें योग्य नव्हे.

याच मुलुखांत समेटाचेंही उदाहरण आहे. सातारा व कोल्हापूर यांच्यांत १७०७ पासून दोन तपें भाऊबंदकीचें युद्ध चाललें. १७३० मध्यें संभाजीचा पराभव होऊन त्याची राणी जिजाबाई शाहूच्या हातीं आली. शाहूनें तिला सन्मानानें परत पाठविलें. पुढें कऱ्हाडजवळ जखिणवाडीस दोघां चुलत भावांची भेट झाली आणि १३ एप्रिल १७३१ रोजीं वारणेचा तह ठरला. वारणा व कृष्णा ही हद्द झाली. एकानें काढलेल्या चाकरास दुसऱ्यानें ठेवूं नये, असेंही एक कलम त्यांत होतें. तें क्षुल्लक दिसतें, पण मोठें मार्मिक आहे. एका गादीवर रुसलेला सरदार दुसऱ्या गादीकडे जाई आणि प्रत्येक रुसव्यागणिक युद्धास नवें सरपण मिळे. तें दारच तहानें लावून घेतलें. शाहू हयात असेतों दोन्ही गाद्यांत पुन्हां तसें युद्ध पेटलें नाहीं.

मात्र मागच्या चोवीस वर्षांचा झाडा कोणी मागितला नाहीं. फौजांच्या वाटेवर ज्यांचीं उभीं पिकें आलीं, ज्यांचे कर्ते पुरुष पडले, त्यांची फिर्याद ऐकण्यास त्या भेटींत कोणी बसलें नव्हतें. हद्दी ठरल्या त्या गाद्यांच्या.