शब्द तोडा, पण सांध्यावर



उरला वसाहतीतल्या कारखान्यांतली पाळी संपवून काही बीरगांवकर थेट या सभेला आलेत. त्यांना डुलकी लागली तरी माझा राग नाही. (हशा) विषय छापखान्यातला आहे. ओळीच्या शेवटी न मावणारा शब्द संगणकानं कुठं तोडावा? माझं मत आधीच सांगतो, म्हणजे शेवटी घाई नको: मराठी शब्द प्रत्ययाच्या सांध्यावर तोडावा. पुढच्या रांगेत व्याकरणाच्या बाई आहेत, म्हणून हेही सांगतो की ‘साठी’, ‘सुद्धा’ ही शब्दयोगी अव्ययं. पण आजच्यापुरते सगळे प्रत्ययच.

क्नूथ यांचं ‘टेक’ तुम्हाला ठाऊकच आहे, त्यामुळे ते सोडतो. (‘नाही!’ असा आवाज, हशा) बरं, पुस्तकं जुळवणारी ती एक संगणकप्रणाली. तिच्यासाठी फ्रँक लियांग यांनी १९८३च्या प्रबंधात युक्ती मांडली. अक्षरांच्या तुकड्यांमध्ये आकडे पेरायचे, हेच नियम. विषम आकडा म्हणजे तोड, सम म्हणजे खबरदार, आणि एका जागी दोन आले तर मोठा जिंकतो. इंग्रजीचं भागलं. फ्रेंच, चेक लोकांची अक्षरं मात्र डोक्यावर चिन्हं घेऊन येतात. ती चिन्हं वरून बसवली की शब्दाचा पुढचा भाग तुटतच नसे. १९९०मध्ये आयर्लंडच्या कॉर्क गावी अशा अक्षरांना स्वतंत्र क्रमांक देणारी मांडणी ठरली, तेव्हा कुठं सुटका झाली.

‘आपल्याला काय त्याचं?’ असं कुणीतरी म्हणालं. फळ्याकडे बघा: शेतकऱ्यांसाठीसुद्धा. यातला ‘ऱ्या’ तीन तऱ्हांनी टंकता येतो. एक, ‘ऱ’ हे अखंड अक्षर. दोन, साधा र आणि खाली वेगळं टिंब. तीन, र, हलन्त (पाय मोडल्याचं चिन्ह) आणि एक अदृश्य जोडचिन्ह. कागदावर तिन्ही सारखे, यंत्राच्या लेखी तीन वेगळे शब्द! नियमांना टिंब अनोळखी असेल, तर ते यंत्र शब्द तिथंच संपला असं धरतं. म्हणून जुळणीआधी सगळा मजकूर एकाच तऱ्हेचा करून घ्या.

संतोष थोट्टिंगल यांनी भारतीय भाषांसाठी असे नियम लिहिले, त्यांत मराठीही आहे. व्यंजनाआधी तोडायला मुभा, स्वरचिन्हाआधी मनाई, हलन्ताच्या दोन्ही बाजूंना मनाई. जोडाक्षर शाबूत राहतं. पण ‘शेत-’ वर, ‘कऱ्यांसाठीसुद्धा’ खाली, हेही त्या नियमांना चालतं. मला नाही चालत! ‘शेतकऱ्यां-’ वर ठेवा, ‘साठीसुद्धा’ खाली.

इथल्या, हिंदी मुलखातल्या, एका छापखान्यात आमच्या स्मरणिकेला हिंदीचीच मांडणी लावली होती. हिंदीत ‘किसानों के लिए भी’ असे चार सुटे शब्द. ओळ हवी तिथं मोडते. आपला शब्द सलग. तो तोडला नाही, तर अरुंद स्तंभात शब्दांमध्ये खिंडारं पडतात. मी हिंदीच्या विरोधात नाही हो, सूनबाई समोरच बसल्या आहेत! (हशा)

हिंदीचं हे सुटं लिहिणंही आपोआप ठरलं नाही. हिंदीच्या घडणीत आपली माणसंही होती. मराठी घरातल्या माधवराव सप्र्यांनी १९००मध्ये पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक काढलं. पुढं दासबोध आणि गीतारहस्य त्यांनीच हिंदीत नेलं. त्याच काळात हिंदीत विभक्ती जोडावी की सुटी ठेवावी, यावर जुंपली होती. गोविंदनारायण मिश्र जोडा म्हणत. शेवटी तडजोड अशी झाली की नामापासून सुटी, सर्वनामाला जोडून. ‘राम ने’, पण ‘उसने’. म्हणजे बघा, या वादात जुळाऱ्याचं मत कुणी... चिठ्ठी आली. पाच मिनिटं? दोन? बरं.

तर मागणी एवढीच. प्रत्ययांची यादी फार लांब नाही. ती नियमांत घाला, सांध्यावर विषम आकडा द्या, शेजारच्या अक्षरामागची तोड मोठ्या सम आकड्यानं अडवा. ‘रानात’मधला ‘त’ आणि ‘परात’मधला ‘त’ यंत्राला वेगळे कळणार नाहीत, हा आक्षेप बाई घेणारच. म्हणून एकाक्षरी प्रत्यय वगळा; ‘साठी’, ‘पासून’, ‘बरोबर’, ‘सुद्धा’ एवढे घेतले तरी पुष्कळ ओळी सुधारतील. उरलेल्या मुद्रितशोधकाकडे द्या, आणि त्याचे पैसे वेळेवर द्या. (टाळ्या) अध्यक्ष उठले, मी बसतो.