उघडी पडलेली जाळी



महामार्ग उशाशी घेऊन वसलेल्या गोखिवऱ्यासारख्या गावात डोक्याचा अपघात ही नवलाची गोष्ट राहिलेली नाही. मेंदूची सूज सामावण्यासाठी कवटीचा तुकडा काढावा लागतो आणि पुढे तो परत बसविणे शक्य नसल्यास त्या जागी टायटॅनियमची जाळी घालतात, हेही आता बहुतेकांच्या कानांवर आहे. मात्र या शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनी, क्वचित वर्षांनी, जुन्या व्रणावर न सुकणारी खपली धरते, तिच्याखाली पिवळसर पाणी झिरपते आणि एके दिवशी केस विंचरताना फणीचा दात कशाला तरी अडतो. ‘जाळी बाहेर आली’, असे घरची मंडळी म्हणतात, आणि हळद, मलम, नाही तर ‘दोन टाके घालून द्या’ अशी तजवीज सुरू होते.

हे टाके बहुधा टिकत नाहीत. खालच्या दाबाने झिजलेली आणि रक्तपुरवठा उणावलेली ती कातडी ताणून शिवली, तर पुन्हा फाटते. आणि मांडीची पातळ कातडी वरून चिकटवावी म्हटले, तर ती खालच्या रक्तावर जगणारी, धातूवर जगणार कशी?

येथे पुण्याचा एक दाखला आठवतो. टिपूच्या कैदेत नाक कापले गेलेल्या कावसजी नावाच्या मराठा गाडीवानाला पुण्याजवळच्या एका वीटकाम करणाऱ्या जातीतील वैद्याने कपाळाच्या कातडीचे नवे नाक करून दिले. मुंबई इलाख्यातील क्रुसो व फिंडले या डॉक्टरांनी पाहिलेल्या या शस्त्रक्रियेची हकीकत ऑक्टोबर 1794 मध्ये लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापली गेली. त्या अनामिक कारागिराने कातडीला रक्त पोचविणारा भुवयांमधला देठ सुमारे 25 दिवस तोडला नाही. आपल्या प्रस्तुत मामल्यातील निम्मी विद्या त्या देठात आहे.

कानापुढे बोट टेकवा. तेथे धमनी उडताना लागेल. अशी धमनी देठात राखून शेजारची केसाळ कातडी अर्धवर्तुळात सोडवितात आणि जाळीवर फिरवून आणतात. मागे उघड्या राहिलेल्या जागेत हाडावरचे आवरण शाबूत ठेवलेले असते, म्हणून तेथे मांडीची कातडी धरते. भोवतालची कातडी किरणोपचाराने वा व्रणांनी निकामी झाली असेल, तर पाठीचा स्नायू आणून सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या रक्तवाहिन्या जोडतात.

परंतु आत पू असेल, तर ही सारी कारागिरी व्यर्थ होय. मग जाळी काढावी, जंतूंची तपासणी करून प्रतिजैविके द्यावीत आणि नवी कवटी काही महिन्यांनी बसवावी. जाळी गमावणे घरच्यांना पराभवासारखे वाटते. माझ्या मते ती वाचविण्याचा हट्टच अधिक महाग पडतो.

तेव्हा जखमेवर निर्जंतुक कापडाची घडी ठेवून, वसई रोडहून गाडी धरून परळच्या के. ई. एम.सारख्या, मेंदूचे व प्लास्टिक सर्जरीचे असे दोन्ही विभाग असलेल्या रुग्णालयात जावे. पू, ताप, ग्लानी किंवा झटके असतील तर त्याच दिवशी निघावे, आणि आधीच्या शस्त्रक्रियेचे कागद विसरू नयेत. पहिल्या छेदात कोणती धमनी कापली गेली, याचा पहिला सुगावा त्यांतूनच लागतो.