आंतरपाट खाली येतो तेव्हा

तुळशीचं लग्न लागलं की आपल्या चिखली-मेहकरकडे मंगल कार्यालयाची तारीख मिळता मिळत नाही, आणि फोटोग्राफर मंडळींनाही दम खायला सवड नसते. ही मंडळी कॅमेरा घेताना दहा जणांना विचारतात. मेमरी कार्ड मात्र बिल होताना आठवतं, ‘त्यात एक चौसष्टचं टाका’ म्हणून.

आता आंतरपाट खाली येतो त्या वेळचा हिशोब मांडू. २४ मेगापिक्सल कॅमेऱ्याचा एक रॉ, म्हणजे प्रक्रिया न केलेला, फोटो साधारण २५ एमबीचा. बटण दाबून धरलं, २० फोटो निघाले, ५०० एमबी झाले. हे फोटो आधी कॅमेऱ्याच्या बफरमध्ये थांबतात, तिथून कार्डावर उतरतात. कार्ड सेकंदाला १० एमबी लिहीत असेल तर ५० सेकंद लागतील, ६० लिहीत असेल तर आठ-नऊ. मधेच बफर भरलं की कॅमेरा अडतो आणि कार्डाच्या झाकणाजवळचा लाल दिवा लुकलुकत बसतो. तोवर हार घालून झालेले असतात. (पुन्हा हार घालायला लावणारे फोटोग्राफरही आपण पाहिलेत म्हणा!)

पाकिटावर ठळक छापलेला वेग बहुधा वाचण्याचा असतो, म्हणजे कार्डावरून कॉम्प्युटरवर फोटो घेतानाचा. आपल्याला हवा लिहिण्याचा. त्यासाठी बारीक खुणा बघा. इंग्रजी ‘यू’च्या पोटात ३ किंवा ‘व्ही ३०’ असेल, तर व्हिडिओ चालू असताना वेग सेकंदाला ३० एमबीच्या खाली जाऊ नये, अशी ती हमी. लग्नाच्या कामाला निदान एवढं हवंच. त्याहून महागाचं यूएचएस-२ कार्ड घेण्याआधी कॅमेऱ्याचं माहितीपुस्तक उघडा. कॅमेऱ्यात ती सोय नसेल तर ते कार्ड जुन्याच वेगानं चालणार, पैसे मात्र दुकानदाराकडे.

जंगलात जनावरं टिपायला लावतात त्या ट्रॅप कॅमेऱ्याचं उलट. २०१९ च्या डिसेंबरात टिपेश्वर अभयारण्यातला एक वाघ तेराशेहून अधिक किलोमीटर चालून आपल्या ज्ञानगंगा अभयारण्यात आला. असं जनावर समोरून गेलं की झाडाला बांधलेला कॅमेरा दोन-चार फोटो घेतो आणि गप्प बसतो. त्याला वेगाची घाई नसते. मात्र कॅमेरा जुना, फक्त एसडीएचसी प्रकारचं कार्ड चालणारा असेल, तर ३२ जीबीच्या वरचं कार्ड घेऊ नका.

स्वस्तात ५१२ जीबी मिळालं तर हुरळू नका. नकली कार्डाच्या आत चिप लहान असते, कॅमेऱ्याला सांगते मोठी. नवं कार्ड जुन्या व्हिडिओंनी काठोकाठ भरा आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत उघडून बघा. परत करायची मुदत आहे तोवरच.

माझं विचाराल तर १२८ च्या एका कार्डापेक्षा ६४ ची दोन घ्या, हळद एकावर, लग्न दुसऱ्यावर. फोटो दोन ठिकाणी उतरवल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करू नका, आणि कराल तेव्हा कॅमेऱ्यातूनच करा.