तलवारीच्या अंतरंगाचा शोध

ग्वाल्हेरच्या जयविलास राजवाड्यातील संग्रहालयात, तसेच गंगादासांची बडी शाळा या नावाने प्रसिद्ध असलेल्या साधूंच्या मठात जुनी शस्त्रे जपून ठेवलेली आहेत. १८५८च्या जूनमध्ये राणी लक्ष्मीबाई याच नगरीत धारातीर्थी पडली. मठातील शस्त्रे त्या रणात लढलेल्या साधूंची म्हणून जतन केली जातात. पाहणाऱ्यास पात्याचा बाक दिसतो, मुठीवरील नक्षी दिसते; परंतु घडविणाऱ्याने पोलाद कोणते घेतले आणि त्याला पाणी कसे दिले, हे रहस्य पात्याच्या पोटातच राहते.

ते जाणण्याचा जुना मार्ग म्हणजे पात्याचा तुकडा कापणे, तो घासून आम्लाने धुणे आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवणे. पूज्य मानलेल्या शस्त्रावर अशी करवत चालवावयास कोण धजेल? नेहमीच्या प्रयोगशाळेतील क्ष-किरणांनी स्फटिकांची रचना कळते खरी. पण पोलादात ते वरच्या पातळ थरापलीकडे फारसे शिरत नाहीत, आणि तो थर तर गंज व घासणी यांनी बदललेला असतो.

१९३२ साली चॅडविक यांनी शोधून काढलेला न्यूट्रॉन येथे साहाय्यास येतो. त्याच्यावर विद्युत्भार नसल्याने तो काही सेंटिमीटर पोलादही पार करतो. अणुभट्टीतून निघालेला संथ न्यूट्रॉन तरंगाप्रमाणे वागतो, आणि त्याची तरंगलांबी स्फटिकातील अणूंच्या परस्पर अंतराएवढीच असते. त्यामुळे अणूंच्या रांगांवरून तो ठरावीक कोनांतच परावर्तित होतो. शुद्धप्राय लोहाचे कोन निराळे, लोह व कर्ब यांच्या सिमेंटाइट नामक संयुगाचे निराळे. सिमेंटाइटच्या वजनाचा पंधरावा हिस्सा कर्ब असतो. म्हणजे संथपणे थंड झालेल्या पोलादात शेकडा पंधरा भाग सिमेंटाइट आढळले, तर कर्ब सुमारे एक टक्का, असा हिशेब मांडता येतो. तप्त पाते एकदम पाण्यात बुडविले असेल, तर ताणलेल्या स्फटिकांमुळे परावर्तनाच्या रेषा रुंदावतात.

याच गुणधर्मावरून चित्रही काढता येते. लोहाच्या स्फटिकात सर्वांत विरळ अणुस्तरांमधील अंतर सुमारे २.०३ अँगस्ट्रॉम आहे. एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोट्यांश. त्याच्या दुपटीहून, म्हणजे सुमारे ४.०५ अँगस्ट्रॉमहून, अधिक लांबीच्या न्यूट्रॉनांना हे स्तर परावर्तित करूच शकत नाहीत. ते एकाएकी सरळ पार जाऊ लागतात. निरनिराळ्या तरंगलांबींवर छायाचित्रे घेतली, की पात्याच्या कोणत्या भागात स्फटिकांची ठेवण कशी आहे, याचा नकाशाच हाती येतो.

लंडनच्या वॉलेस संग्रहातील एका भारतीय शमशेरीची अशी परीक्षा झाली. अठराव्या शतकाच्या अखेरीस वा एकोणिसाव्याच्या आरंभी घडविलेली ही शमशेर इटली व ब्रिटनमधील संशोधकांनी सूक्ष्मदर्शक आणि न्यूट्रॉन अशा दोन्ही मार्गांनी तपासली. ती मुशीत तयार केलेल्या, भरपूर कर्ब असलेल्या पोलादाची ठरली. हेच ते भारतीय वुट्झ पोलाद.

आपल्या देशात न्यूट्रॉनांचा मोठा स्रोत म्हणजे तुर्भे येथील भाभा केंद्रातील ‘ध्रुव’ अणुभट्टी. ती १९८५ साली प्रथम कार्यान्वित झाली. विद्यापीठातील अभ्यासकांना तिचा उपयोग करता यावा, म्हणून १९८९ साली इंदूर येथे मुख्यालय असलेली संस्था स्थापन झाली. तिचे मुंबईतही केंद्र आहे. तेव्हा १९६४ साली स्थापन झालेल्या ग्वाल्हेरच्या जिवाजी विद्यापीठातील एखाद्या अभ्यासकाने आपल्या नगरीतील शस्त्रांचा प्रश्न तेथे नेण्याचे मनात आणले, तर वाट अगदीच बंद नाही.

मात्र एक सावधगिरी हवी. न्यूट्रॉनांच्या माऱ्याने वस्तूत काही काळ किरणोत्सार उत्पन्न होतो. पोलादातील मँगनीजचा किरणोत्सार सुमारे अडीच तासांनी निम्मा होतो, मुठीवरील सोन्याचा पावणेतीन दिवसांनी. परंतु रुप्यातील एका प्रकारास त्यासाठी सुमारे अडीचशे दिवस लागतात. म्हणून नक्षीदार मूठ झोतापासून दूर ठेवून पातेच तेवढे तपासणे इष्ट.

एवढे पथ्य पाळले, तर पाते अखंड राहते आणि ते घडविणाऱ्या अनामिक कारागिराची विद्याही उजेडात येते. रणात गाजलेल्या वीरांची नावे इतिहासाने जपली. भट्टीपुढे घाम गाळणाऱ्यांची लेखी नोंद क्वचितच राहिली. ती त्यांच्या पोलादात मात्र अद्याप शाबूत आहे.