प्रवासी मनुष्याचा लॅपटॉप

१९८१ सालीं अमेरिकेंत ऑस्बॉर्न नांवाचा एक संगणक विक्रीस आला, आणि हातानें उचलून नेतां येणारा संगणक म्हणून त्याची मोठी वाखाणणी झाली. त्याचें वजन सुमारें ११ किलो होतें. पडदा पांच इंचांचा होता. आणि अंगची बॅटरी नसल्यामुळें भिंतींतील विजेवांचून तो चालत नसे. शिवणयंत्राएवढी ती पेटी उचलतां येई हें खरें, परंतु ती घेऊन रेल्वेचा पूल ओलांडणाऱ्याला वाटेंत दोनदां तरी विसांवा घ्यावा लागला असता. आज त्याहून कितीतरी पट अधिक काम करणारा लॅपटॉप एक किलोच्या आंत मिळतो. ही प्रगति इतकी डोळे दिपविणारी आहे कीं, दुकानांत शिरलेला गृहस्थ यंत्र हातांत तोलून पाहतो, "वा! वहीसारखें हलकें आहे!" असें म्हणतो आणि पैसे मोजून मोकळा होतो. विचारावयाचा प्रश्न तसाच राहून जातो. हें वजन कमी करतांना यंत्रांतून काय काढून घेतलें?

या प्रश्नाचें महत्त्व पटविणारें उदाहरण २००८ सालचें आहे. त्या वर्षीं जानेवारींत सॅन फ्रॅन्सिस्को येथें ॲपल कंपनीचे स्टीव्ह जॉब्स यांनीं कागदी पाकिटांतून मॅकबुक एअर हा लॅपटॉप बाहेर काढून दाखविला. वजन १.३६ किलो. सगळ्यांच्या नजरा पाकिटावर खिळल्या. पण त्या यंत्रांत तबकडी वाचण्याची सोय नव्हती, जाळ्याची तार लावण्यास जागा नव्हती, यूएसबीचें तोंड एकच होतें, बॅटरी सहज बदलतां येत नव्हती, आणि मेमरी पटलावर कायमची डागलेली होती. त्याच वर्षीं लेनोव्होनें थिंकपॅड एक्स ३०० काढला. त्यांत यूएसबीचीं तीन तोंडें होतीं, तारेची जागा होती, तबकडीचीही सोय होती, आणि तरीही तें यंत्र फारसें जड झालें नव्हतें. एकच हलकेपणा दोन कंपन्यांनीं दोन निरनिराळ्या जागीं कात्री चालवून साधला होता. घेणाऱ्याला आपल्या कामाची नीट ओळख असेल, तरच कोणती कात्री आपल्याला सोसेल हें त्याला ठरवितां येईल.

पुण्यास कार्यालय असलेला एखादा हिशेबतपासनीस घ्यावा. सोमवारीं पहांटे एसटीनें निघून तो बार्शीस जातो, तेथून लातूरला, आणि शुक्रवारीं रात्रीं घरीं येतो. पतसंस्था, सहकारी बँका, एखादा साखर कारखाना यांचीं दप्तरें तपासणें हें त्याचें काम. त्याला जें टेबल मिळतें त्यापासून विजेचें तोंड दहा हात दूर असतें, आणि दुपारीं वीज जाते ती केव्हां येईल याची खात्री नसते. अशा मनुष्याचा संगणक दुपारीं बंद पडला तर त्या दिवसाची मजुरी बुडते, आणि एका मुक्कामाचा खर्च वाढतो.

म्हणून त्यानें पहिली चौकशी करावयाची ती बॅटरीची. बॅटरींत सांठणारी वीज वॅट-तासांत मोजतात. जाहिरातींत तास ठळक छापलेले असतात आणि वॅट-तास बारीक अक्षरांत. शहाण्यानें बारीक अक्षरें वाचावीं, कारण ते तास बहुधा पडदा मंद ठेवून, एखादा चित्रपट चालवून मोजलेले असतात. ६० वॅट-तासांची बॅटरी सुमारें पाव किलो भरते. ती ४० ची केली कीं ऐंशी-नव्वद ग्रॅम वांचतात, आणि यंत्र मिरवण्याजोगें हलकें होतें. आतां हिशेब करावा. तक्ते, पत्रव्यवहार आणि इंटरनेट एवढ्या कामास यंत्र सरासरी ८ वॅट घेतें असें धरलें, तर ६० ची बॅटरी साडेसात तास पुरते, ४० ची पांच तास. सकाळीं दहाला उघडलेलें यंत्र तीनच्या सुमारास मान टाकतें. पडद्यावरून बैठक घ्यावयाची असेल तर खर्च आणखी वाढतो. शिवाय बॅटरी ही म्हातारी होणारी वस्तु आहे. दोनतीन वर्षांनंतर ती मूळच्या चारपंचमांश उरली तर ६० च्या ४८ होतात, आणि सहा तासांचें काम तरी निभावतें. ४० च्या ३२ होऊन चारच तास हातीं लागतात. ऐंशी ग्रॅम म्हणजे एका मध्यम केळ्याच्या गराएवढें वजन. त्यासाठीं रोजचे अडीच तास देऊन टाकणें हा कसला व्यवहार?

धातूच्या बाबतींत मात्र हलकेपणा बऱ्याच अंशीं प्रामाणिक असतो. ॲल्युमिनियमचा एक घन सेंटिमीटर २.७ ग्रॅम भरतो, मॅग्नेशियमचा १.७४. मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचें कवच हातांत थोडें लवतें, झांकण एका कोपऱ्याला धरून उचललें तर किंचित् वांकतें, आणि तें पाहून लोक त्यास तकलादू समजतात. तो समज बहुधा चुकीचा असतो.

मेमरीचा विचार विकत घेण्यापूर्वींच संपवावा लागतो. हलक्या यंत्रांत ती बहुधा पटलावर डागलेली असते. ८ जीबीचें यंत्र जन्मभर ८ जीबीचेंच राहतें. १६ जीबीहून कमी आज घेऊं नये. सांठवणुकीची पट्टी पुष्कळ यंत्रांत बदलतां येते, म्हणून तेथें काटकसर चालेल.

कळफलक हातानें पारखावा. दुकानदाराची परवानगी घेऊन उभ्याउभ्या अर्धें पान टंकून पाहावें, आणि मराठींत लिहिणाऱ्यानें तें मराठींत पाहावें. इन्स्क्रिप्ट मांडणींत च, ट, ड अशा अक्षरांसाठीं बोटें कडेच्या कळांपर्यंत वारंवार धांवतात. त्या कळा अरुंद केलेल्या असल्या तर बोट चुकतें, आणि संध्याकाळपर्यंत मनगट बोलूं लागतें. पडदा १४ इंचांचा, न चकाकणारा असावा. एसटीच्या खिडकीशीं बसून वाचावयाचें असेल तर ४०० निट्स उजेडाचा पडदा उपयोगीं पडतो; २५० चा तेथें आरसा होतो.

खांद्याला लॅपटॉपचें वजन कळत नाहीं, त्याला पिशवीचें वजन कळतें. एक किलोचें यंत्र, ३०० ग्रॅमचा जुन्या धर्तीचा चार्जर, प्रोजेक्टरसाठीं एक जोड, तारेच्या इंटरनेटसाठीं दुसरा जोड, आणि बॅटरी लहान म्हणून वर एक पॉवर बँक, अशी मोट बांधली म्हणजे सव्वा किलोचें सर्वसाधनयुक्त यंत्र तिच्यापेक्षां हलकें ठरतें. यूएसबी-सीवर चालणारें यंत्र घ्यावें. मग गॅलियम नायट्राइडचा एकच लहान ६५ वॅटचा चार्जर लॅपटॉपला आणि फोनला दोहोंला पुरतो. ही सक्ति २८ एप्रिल २०२६ पासून लॅपटॉपांनाही लावणारा कायदा युरोपीय संघानें २०२२ सालींच केला. विमानानें जाणाऱ्यास भारतांतल्या देशांतर्गत उड्डाणांत सामान्य वर्गांत हातांतलें सामान साधारण ७ किलो नेतां येतें. १०० वॅट-तासांपर्यंतच्या बॅटरीस निराळी परवानगी लागत नाहीं, आणि पॉवर बँक जवळच ठेवावी लागते, खालीं सोंपवावयाच्या सामानांत घालतां येत नाहीं.

एकाच कंपनीचीं घरगुती आणि व्यावसायिक अशीं दोन घराणीं असतात. दुसरें थोडें महाग पडतें, आणि दिसावयास बहुधा काळें व नीरस असतें. डेल, एचपी, लेनोव्हो यांच्या व्यावसायिक यंत्रांच्या दुरुस्तीच्या पुस्तिका कोणालाही वाचावयास मिळतात, त्यामुळें गांवचा कारागीरही तें यंत्र उघडूं शकतो. हमीपत्र घेतांना मनुष्य घरीं येऊन दुरुस्त करील कीं यंत्र केंद्रावर न्यावें लागेल, हें विचारावें. आणि विचारतांना पुण्याचें नांव न घेतां लातूरचें घ्यावें. यंत्र बसमध्यें राहिलें तर दुसऱ्यांचे हिशेब परक्याच्या हातीं पडूं नयेत म्हणून विंडोजची प्रो आवृत्ति घेऊन बिटलॉकर चालूं ठेवावें आणि त्याची किल्ली घरीं निराळी लिहून ठेवावी.

ज्यांना नव्याची किंमत झेपत नाहीं त्यांनीं मोठ्या कंपन्यांनीं बदलून टाकलेलीं व्यावसायिक यंत्रें पाहावीं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर तीं मिळतात. मात्र विंडोज १० चा सामान्य आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला, आणि इंटेलच्या आठव्या पिढीपूर्वींचीं यंत्रें, थोडे अपवाद सोडल्यास, विंडोज ११ च्या यादींत बसत नाहींत. घासाघीस करण्यापूर्वीं त्या यंत्रावर बॅटरीचा अहवाल काढावयास सांगावें. विंडोज तो एका आज्ञेनें काढून देतें. त्यांत बॅटरीची मूळ क्षमता आणि आजची क्षमता खालोखाल छापलेली असते. ५० च्या जागीं ३० दिसले तर नव्या बॅटरीची किंमत विचारून घ्यावी आणि ती वजा करून मगच बोली लावावी.