लुगडं नेसणाऱ्या बायका



गुढीपाडव्याच्या सकाळी गिरगावात पाय ठेवायला जागा नसते. फडके गणपती मंदिरापासून शोभायात्रा निघते, ढोल-ताशांनी चाळींच्या गॅलऱ्या दणाणतात, आणि नऊवारी, नथ, फेटा अशा थाटात मुली बुलेटवरून जातात. मला त्यांचं कौतुक वाटतं. सणाला नटावं, मिरवावं, त्यात गैर काहीच नाही. मला बोलायचंय ते हेच लुगडं रोज नेसून ज्यांनी या मुंबईत राबून आयुष्य काढलं, त्या बायकांबद्दल.

माझी आजी परळच्या एका गिरणीत वाइंडिंग खात्यात होती. गिरणीतल्या बायका बहुतेक वाइंडिंग नाहीतर रीळिंगलाच असायच्या. भोंगा व्हायच्या आत घरचा स्वयंपाक उरकून ती बाहेर पडायची. तिचं लुगडं नेसणं मी जवळून पाहिलंय. ना परकर, ना पिन. कमरेला एक गाठ, तीही अशी की दिवसभर राबलं तरी सैल होणार नाही. मग निऱ्या घालून पुढे ओचा, पायांमधून घेतलेला काठ मागे खोचून कासोटा आणि शेवटी पदर. सव्वाआठ मीटर कापड, पण बोलता बोलता नेसून झालेलं असायचं. चालत्या यंत्राशेजारी उभं राहायचं तर पदराचं टोकसुद्धा सुटं राहून चालत नव्हतं. सुटी नाणी कनवटीला. येताना बाजारातून घेतलेल्या चार शेंगा, दोन लिंबं ओच्यात. पिशवी विसरली म्हणून तिचं कधी अडलं नाही.

अशाच बायकांनी गिरणगावात खानावळी चालवल्या. गावाकडे बायकापोरं ठेवून आलेल्या कामगारांना दोन वेळचं गरम जेवण त्यांच्या हातचं मिळायचं. सावकाराच्या व्याजातून या बायकांनी सुटावं म्हणून प्रेमा पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. पुढे 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि किती घरांतलं सोनं गहाण पडलं! आमच्याही घरातली आजीची नथ तेव्हाच गेली. ती पुन्हा सोडवता आली नाही. दादरला आज दाबाची सुंदर नथ मिळते, नाक न टोचता घालता येते. माझी भाची हौसेने घालते. तिला मी आमच्या नथीची गोष्ट मुद्दाम सांगितली. ती नथ गेली तेव्हा घरात चार महिन्यांचं रेशन आलं होतं. आता ती नाकात नथ चढवताना पणजीचं नाव घेते, आणि मला फार बरं वाटतं.

एक गोष्ट मात्र बोलायलाच हवी. मधली तीसेक वर्षं याच लुगड्याची आपल्याच घरांत लाज वाटत होती. शाळेत पालकांची सभा असली की आजीला नको, आईला पाठवा. आई गोल साडी नेसते. लग्नाच्या फोटोत लुगडंवाली चुलती मागच्या रांगेत. तिची सातारी बोली, तिचं मोठ्याने बोलणं, कपाळावरचं गोंदण, सगळ्याचाच संकोच. तोच वेश आता जरीकाठात, शिवून, नाडी लावून तयार मिळतो आणि मानाने मिरवला जातो. मान मिळाला हे चांगलंच झालं. पण तो कापडाला मिळाला आणि ते नेसून राबलेली बाई तशीच मागच्या रांगेत राहिली, तर माझ्या आजीवर तो अन्याय आहे असं मी मानते.

शिवलेल्या नऊवारीला माझी हरकत नाही. लोकलने चर्चगेटला जाऊन कचेरी गाठायची तर मुलीला सोय हवीच. माझं मागणं वेगळंच आहे. दादरला साधं सुती नऊवार अजून मिळतं, ते एक घरी आणा. घरात, शेजारात, गावाकडे जी कुणी म्हातारी लुगडं नेसत असेल, तिच्यासमोर उभ्या राहा आणि शिका. पहिल्यांदा गाठ सुटेल, ओचा घसरेल, ती रागावेल, पुन्हा नेसायला लावेल. तिचे हात चालू असतानाच विचारा: कुठल्या खात्यात होतीस? खानावळीत किती माणसं जेवायची? संपात काय काय विकलंस? एरवी ‘त्यात काय सांगायचंय’ म्हणणाऱ्या या बायका हातात काम असलं की भरभरून बोलतात.

लालबाग-परळच्या चाळी पुनर्विकासात एकेक करून रिकाम्या होतायत, शेजार पांगतोय, आणि या बायका ऐंशीच्या पुढे गेल्यात. तेव्हा पाडव्यापर्यंत थांबू नका, येत्या रविवारीच जा.