पेटींतील वारा आणि घरांतील शांतता

रात्रीं घर निजलें म्हणजे संगणकाच्या पंख्याची घरघर फार जाणवते. ॲल्युमिनियमची पेटी आपोआप थंड राहते, असा पुष्कळांचा समज आहे. पण तो खरा नव्हे. आंतील उष्णता मुख्यतः वाहत्या हवेबरोबर बाहेर जाते. उलट, पातळ पत्रा पंख्याच्या कंपनानें स्वतःच गुणगुणूं लागतो.

इ. स. २००३ मध्यें निघालेल्या ॲपलच्या पॉवर मॅक जी५ ह्या यंत्राच्या ॲल्युमिनियमी पेटींत ९ पंखे होते. परंतु आंत ४ कप्पे पाडून ते गरजेपुरतेच, सावकाश फिरविण्याची योजना होती. तेंच तत्त्व घरींही लागू पडतें. ८० मिलिमीटरच्या पंख्याऐवजीं त्याच घडणीचा १२० मिलिमीटरचा बसविला, तर तितक्याच वेगानें तो तिपटीहून अधिक हवा लोटतो. म्हणून सावकाश फिरला तरी भागतें. वेग निम्मा झाला, कीं आवाज सुमारें १५ डेसिबलनें उतरतो. पंख्यापुढील छिद्रांचा पत्रा कापून तारेची जाळी लावावी, स्क्रूऐवजीं रबराच्या खुंट्या वापराव्या आणि पत्र्याला आंतून डांबरी थर चिकटवावा.

मात्र कापण्यापूर्वीं आंतील सर्व भाग बाहेर काढावे. धातूचा एखादा कीस आंत राहिला, तरी यंत्र जळूं शकतें. शेवटीं उष्णतामान अवश्य तपासावें. शांततेसाठीं हवेची वाट कोंडूं नये. ती मोकळी करावी, म्हणजे शांतता मागोमाग येते.